किती फुटांचं करू?

माझ्या भाच्याने पावसाळ्याच्या तोंडी मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देण्यात माझे चार महिने गेले. प्रश्न अगदी साधा होता. तो म्हणाला, "मामा, दिवाळीला तुझ्या बैठकीच्या खोलीसाठी एक चित्र देणार आहे. किती फुटांचं करू?"

हा मुलगा शिकला वास्तुकला. घरे बांधील, निदान माझ्या गळक्या छपराचा तरी काही उपाय सांगेल, अशी आमची अपेक्षा होती. पण तो संगणकावर चित्रे करतो. 'काढतो' असे मी म्हणत नाही, कारण त्याच्या हातात कुंचला नसतो आणि पेन्सिलही नसते. तो यंत्राला नियम लिहून देतो. रेघा इतक्या, त्यांच्यात अंतर इतके, दर सातव्या रेघेला बाक इतका, प्रत्येक कमानीच्या पोटात तशीच लहान कमान, आणि तिच्या पोटात आणखी एक. यंत्र या हुकमाबरोबर पडद्यावर आकार उभे करते. एक आकडा बदलला की सगळे चित्र बदलते. या चित्रांत घर नसते, झाड नसते, माणूस तर नसतोच. पण पाहताना वाटते की आपण कुठल्या तरी अवाढव्य वास्तूच्या दाराशी उभे आहोत आणि आत जावे की नाही याचा विचार करीत आहोत.

मी भुशीला राहतो. लहानपणापासून तो सुटीत माझ्याकडे येत आला, म्हणून त्याच्या डोक्यात दोन वास्तू कायमच्या बसल्या आहेत. एक आमचे धरण आणि दुसरी कार्ल्याची लेणी. मला द्यायचे चित्रही त्या दोहोंतूनच निघाले होते. खाली आडव्या पट्ट्यांवर पट्ट्या, धरणाच्या पायऱ्यांसारख्या. वर कमानीत कमान, कमानीत कमान. त्याने ते फोनच्या पडद्यावर दाखवले. तळहाताएवढे चित्र, पण छाती दडपावी असे.

"मुळात केवढं आहे हे?" मी विचारले.

"मुळात म्हणजे?"

"म्हणजे मूळ चित्र केवढं?"

"मूळ असं काही नसतंच, मामा. पोस्टाच्या तिकिटाएवढं छाप, नाहीतर सात मजली इमारतीच्या भिंतीएवढं. रेघ तेवढीच धारदार राहील. म्हणून तर विचारतोय, किती फुटांचं करू?"

हे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. मला मात्र ते कुठे तरी टोचले. ज्या चित्राचा सारा प्रताप त्याच्या मोठेपणात, त्या चित्राला स्वतःचे माप नसावे? एखादा मनुष्य दानशूर म्हणून मिरवतो आणि त्याच्या खिशात पै नाही, असे काहीसे वाटले. मी उत्तर दिले नाही. "बघू," म्हटले.

आपल्या भाषेत मोठेपणा शरीराशी बांधलेला आहे. बोट, वीत, हात ही मापे आपल्या अंगावरच आहेत. विहीर किती खोल तर इतके पुरुष खोल. पाणी किती तर गुडघाभर, कंबरभर, गळ्यापर्यंत. लहान मूल 'एवढा मोठ्ठा!' म्हणते तेव्हा दोन्ही हात पसरते, आणि हात जिथे पुरत नाहीत तिथून पुढे त्याची भव्यता सुरू होते. म्हणजे भव्य वस्तूजवळ आपले शरीर उभे असावे लागते. ते नसेल तर डोंगर आणि वारूळ यांत फरक काय राहिला? अठराव्या शतकात बुले नावाच्या फ्रेंच वास्तुकाराने न्यूटनच्या स्मारकाचे एक चित्र केले. दीडशे मीटर व्यासाचा पोकळ गोल. तो कधी बांधला गेला नाही आणि त्या काळात बांधता आलाही नसता. सगळी भव्यता कागदावरच. पण त्या कागदावर बुलेने गोलाच्या पायथ्याशी मुंग्यांएवढी माणसे काढली. ती बोटाने झाकली तर त्या गोलाचा चेंडू होतो. माझ्या भाच्याच्या चित्रात अशी मुंगीसुद्धा नव्हती.

हे सगळे मी त्याला ऐकवले. तो हसला आणि म्हणाला, "चल, कार्ल्याला जाऊ."

रविवार टाळून गेलो, म्हणून चढताना गर्दी कमी होती. तरी एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या मंडळींची ये-जा चालूच होती. देवीचे देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे. त्याला वळसा घालून, सिंहस्तंभ डाव्या हाताला ठेवून आपण आत जातो. हे चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. सुमारे 124 फूट लांब, 45 फूट रुंद, उंचीही तितकीच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि हत्तींवर स्त्री-पुरुष. स्तूपाच्या मागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी, कसलेही नक्षीकाम नसलेले. बाहेरच्या घोड्याच्या नालासारख्या मोठ्या खिडकीतून उजेड येतो आणि थेट स्तूपावर पडतो. मी तिथे अनेकदा गेलो आहे. दर वेळी पहिली दोन-तीन मिनिटे बोलावेसे वाटत नाही.

भाच्याने मला तेवढा वेळ दिला. मग विचारले, "मामा, हे खांब कशाला आहेत?"

"छत पेलायला."

"छत कुणाला पेलायचंय? हा डोंगर आहे. खांब सगळे काढून टाकले तरी छत पडायचं नाही."

हे खरे होते. इतकी वर्षे पाहून माझ्या ध्यानात आले नव्हते, म्हणजे माहीत होते पण ध्यानात आले नव्हते. इमारत खालून वर बांधतात. लेणे वरून खाली कोरतात. आधी छत होते आणि मग खांब 'उरतात'. घरातला खांब भार वाहतो. इथला खांब भार वाहिल्याचा आकार धारण करतो. वर पाहिले तर छताला लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांच्या जुन्या. लाकडी मंडपात त्या फासळ्या छप्पर धरत असत. इथे त्या डोंगराला काय धरणार? भाजे इथून जवळच आहे. तिथल्या चैत्यगृहाचे खांब किंचित आत कललेले आहेत, कारण लाकडी मंडपात बाहेर ढकलणाऱ्या छपराला थोपवण्यासाठी खांब तसे कलते रोवीत. दगडात कुणी ढकलणारा नव्हता, पण कल तसाच ठेवला. उपयोग गेला आणि आकार राहिला. अमूर्त चित्राची याहून वेगळी व्याख्या मला करता येणार नाही.

"आणि हे बघ," म्हणून त्याने मला पुन्हा बाहेर नेले. मोठ्या खिडकीचा तो नालासारखा आकार दर्शनी भिंतीवर पुन्हा पुन्हा लहान करून कोरला आहे. ओळीने छोट्या छोट्या कमानी आणि मधून कठड्याचे पट्टे. जी कमान खाली फक्त नक्षी, तीच वर खिडकी. एकच आकार, वाटेल त्या मापात. "हाच माझा नियम आहे, मामा. त्यांनी छिन्नीनं केला, मी आकड्यांनी. त्यांनाही मूळ माप नव्हतंच."

मला त्याचा राग आला. बरोबर बोलणाऱ्या भाच्याचा जसा येतो तसा.

उतरताना मी माझा दुसरा मुद्दा काढला. घामाचा. या लेण्यात किती पिढ्यांचे हात झिजले असतील. तुझ्या चित्रात काय झिजले? यावर त्याने मला एक हकीकत सांगितली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मायकेल नोल नावाचा एक तंत्रज्ञ होता. 1960 नंतरच्या दशकात त्याने मोंद्रियान या डच चित्रकाराचे 1917 सालचे आडव्या-उभ्या रेघांचे एक चित्र घेतले आणि त्याच धर्तीचे एक चित्र संगणकाकडून करून घेतले. दोन्ही चित्रांच्या प्रती शंभर जणांना दाखवल्या. 59 जणांना संगणकाचे चित्र अधिक आवडले, आणि यंत्राचे चित्र कोणते हे फक्त 28 जणांना ओळखता आले. तेव्हा घाम डोळ्यांना दिसत नाही, असे भाच्याचे म्हणणे.

या हकीकतीने माझे समाधान झाले नाही, कारण शंभर जणांची आवड हा काही न्याय नव्हे. पण विचार करता करता माझा घामाचा मुद्दा माझा मलाच नकोसा झाला. भव्य वस्तूची किंमत तिच्यावर खर्ची पडलेल्या श्रमांनी करायची ठरवली तर सर्वांत निर्दय राजाचे थडगे सर्वांत सुंदर ठरेल. ज्याचा घाम त्याचे नाव बहुधा राहतच नाही. आमच्या घाटातली रेल्वे 1863 साली सुरू झाली. तिचे बोगदे खणताना दगावलेल्या मजुरांची नावे कुठल्या बोगद्यावर आहेत? दुसऱ्याच्या घामाकडे पाहून आपले मन भरून यावे, यात थोडी लाजच वाटायला हवी.

आणि हाताने काढलेली प्रत्येक रेघ प्रामाणिक असते असेही नाही. तसेच यंत्राने काढलेली प्रत्येक रेघ फुकटची असते असे नाही. 1968 च्या सुमारास गेओर्ग नेस या जर्मन गणितज्ञाने संगणकाला जोडलेल्या पेनाकडून एक चित्र करून घेतले. चौकोनांच्या 22 ओळी, प्रत्येकीत 12 चौकोन. वरच्या ओळी शिस्तीत. खाली खाली येताना चौकोन कलू लागतात, सरकतात, अखेर विस्कटून जातात. चित्राचे नाव जर्मनमध्ये 'शोटर', म्हणजे आपली खडी. ते छापील पाहिले तेव्हा मला खाणीच्या कडेचा ढिगारा आठवला आणि एक बांधलेली भिंत पडताना आपण पाहत आहोत असे वाटले. आपल्याकडेही जवळपास त्याच सुमाराला, 1970 मध्ये, अकबर पदमसींनी मुंबईत 'सिझिजी' हा केवळ रेषांचा चित्रपट केला. त्यात यंत्राचे काम हाताने केलेले होते. सुमारे हजार रेखाटने.

पण या साऱ्यांत माझ्या मनात घर करून बसल्या आहेत त्या नसरीन मोहमदी. जन्म कराचीचा, 1937 चा. बडोद्याला शिकवीत असत. 1990 साली आमच्या कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. त्यांनी फत्तेपूर सिक्रीचे फोटो घेतले होते. दगडी फरसबंदी, कडा, सावल्या; राजवाडा जवळजवळ नाहीच. त्यांची रेखाटने म्हणजे कागदावर पट्टीने मारलेल्या शाईच्या बारीक रेघा. कागद जेमतेम हात-दीड हात लांबीचा. त्यासमोर उभे राहिले की त्या रेघा तिरक्या होत कुठे तरी फार लांब निघून जातात आणि आपण एखाद्या रिकाम्या, प्रचंड अंगणाच्या काठावर उभे राहतो. शेवटच्या काही वर्षांत आजाराने हातापायांवरचा ताबा सुटत चालला होता, तरी रेघ ढळली नाही. त्या चित्रांत माणूस नाही. मुंगीएवढाही नाही. मग माझा बुलेचा दाखला कुठे गेला?

यावर मी बरेच दिवस अडलो. नंतर वाटले, माणूस चित्रात नाही, पण कागद माणसाच्या मापाचा आहे. टेबलावर वाकून, हात जिथवर पोचेल तिथवरच तो आहे. त्यांनी तो तेवढाच ठेवला. 'याहून मोठे करणार नाही' असे कागदाच्या चार कडाच सांगतात. ती भव्यता जिथे थांबते तिथे कुणी तरी उभे आहे.

कार्ल्याचेही तसेच आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजींनी तिथल्या ओसरीत लेख कोरून ठेवला आहे की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. थोडी शेखी आहे, पण शेठजींचे नाव खाली आहे. आत खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवनही आहेत. आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याचीही नोंद आहे. दगडाच्या लेण्यात सुतार! मला हा सामी फार आवडतो. लाकडाचे रूप दगडाला द्यायचे तर सुतारालाच बोलावले पाहिजे, हे किती सरळ आहे. खांब डोंगर पेलत नाहीत हे खरे. पण प्रत्येक खांब कुणी तरी पेललेला आहे. हा माझा, असे म्हणणारे कुणी तरी आहे.

म्हणजे मला टोचत होते ते यंत्र नव्हते, आणि घामाचा अभावही नव्हता. 'तू सांगशील तेवढं' हे ते शब्द होते. दुसऱ्याची छाती दडपण्याइतका मोठा आकार मी उभा करीन, पण तो केवढा हे मी ठरवणार नाही. घेणाऱ्याने आपल्या भिंतीकडे आणि खिशाकडे पाहून ठरवावे. मोठेपणाच्या बाबतीत ही सूट मला धोक्याची वाटते. ती का वाटते हे सांगायचे तर मला आमच्या धरणाकडे यावे लागेल.

भुशीचे धरण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधले, घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून. इंजिने केव्हाच गेली. इथेही उपयोग गेला आणि आकार राहिला. आता पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की मुंबई-पुण्याची माणसे त्या पायऱ्यांवर येऊन बसतात, भजी खातात, भिजतात. मला त्या गर्दीचा वैताग येतो, पण तिचा हेवाही वाटतो. आणि प्रत्येकाच्या हातात फोन. फोनमध्ये धरण, दरी, धबधबा सगळे तळहाताएवढे. तिथे सगळ्याचे माप एकच.

30 जून 2024 हा रविवार होता. धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात फिरायला आलेल्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत लहान मुले होती. पाणी वाढल्यावर ती सगळी प्रवाहाच्या मध्ये एकमेकांना धरून उभी होती, ते दृश्य देशभर पाहिले गेले. तेही तळहाताएवढेच. त्यानंतर सरकारने निर्बंध घातले. त्या दिवशीच्या पावसाचा दोष कुठल्या चित्राला देणे हा मूर्खपणा होईल, आणि गेलेल्यांना देणे हा दुष्टपणा. डोंगरातले पाणी क्षणात वाढते आणि ते पाहुण्याला कळत नाही, एवढेच खरे. पण तेव्हापासून, भव्य गोष्ट तिच्या मापावाचून कुणी मला दाखवू लागला की माझ्या पोटात कालवते. हे न्यायाचे नसेल. पण आहे.

सप्टेंबर सरत आला तेव्हा भाचा पुन्हा आला. आम्ही धरणाकडे गेलो. तिथे एक बाई कणसे भाजतात. पुष्कळ वर्षांची ओळख. कणसाला तिखटमीठ चोळीत असताना भाच्याने त्यांना फोनवर ते चित्र दाखवले. "मावशी, हे काय वाटतं?"

त्यांनी हात पदराला पुसले, फोन हातात घेतला, आडवा केला, उभा केला. मला वाटले, हसतील. पण त्या खालच्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्या पायऱ्याच हायत की. पर पाणी कुठवर आलंय ह्यात?"

भाचा गप्प झाला. बाईंचा प्रश्न कलेचा नव्हता. कितव्या पायरीपर्यंत पाणी आले की दुकान आवरायचे आणि पोरांना हाका मारायच्या, हे त्यांना जन्मभर बघावे लागले आहे. पायऱ्या दिसल्या की डोळा आधी ती रेघ शोधतो.

परतताना मी म्हटले, "घाल की एक रेघ. पाण्याची."

"नाही घालणार," तो म्हणाला. "ती घातली की ते धरणाचं चित्र होईल. मला धरण नाही काढायचं."

त्याचे बरोबर होते. मावशींचेही बरोबर होते. या दोन बरोबरांच्या मध्ये काही वाट असते का, हे मला अजून कळलेले नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. आल्यावर तो बैठकीच्या खोलीत गेला, रिकाम्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले, लहानपणी 'एवढ्ढा' म्हणताना पसरायचा तसे. "मामा, दोन्ही बोटांच्या टोकांशी खूण कर," म्हणाला. मी पेन्सिलीने खुणा केल्या. टेपने मोजले, पाच फूट आठ इंच भरले.

"एवढंच," तो म्हणाला. "परत कुणासाठी लहानमोठं करणार नाही."

तो हा शब्द पाळील की नाही ते मला ठाऊक नाही. पुण्या-मुंबईत मोठ्या इमारतींच्या दर्शनी दालनांना अशीच चित्रे हवी असतात आणि ती फुटावर मागतात, असे तोच सांगत होता. त्याला भाडे भरायचे असते. मीही त्याला शपथ घातली नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी चित्र आले. मागच्या बाजूला त्याने आपले नाव, वर्ष आणि माप हाताने लिहिले आहे. अक्षर अगदी वाईट आहे. लाकडी चौकट आमच्याच बाजारातल्या सुताराने करून दिली. चौकटीसह ते इतके जड झाले की एकट्याला उचलेना, तेव्हा शेजारच्या मुलाला हाक मारली. भिंतीतले दोन खिळे वाकले. तिसऱ्याला ते कसेबसे टेकले आहे.